श्वासाची पंचवीस वर्षे : नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयाची वाटचाल

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन झाले आणि नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा व अक्राणी या सहा तालुक्यांचा स्वतंत्र जिल्हा उभा राहिला. १ जुलै २०२३ रोजी त्याला पंचवीस वर्षे पूर्ण झाली. या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी जिल्हा रुग्णालयाचा इतिहास लिहिताना इमारती, खाटा आणि पदे यांची जंत्री मांडण्यापेक्षा एकच धागा हाती धरायचे ठरवले. तो धागा श्वासाचा आहे.

या रुग्णालयाच्या वाढीचा जवळजवळ प्रत्येक टप्पा छातीच्या कुठल्या ना कुठल्या दुखण्याने घडवला. क्षयरोग, तान्ह्या बाळांचा न्यूमोनिया, चुलीच्या धुराने जडलेला दमा, सिकलसेलच्या रुग्णाच्या छातीत उठणारी कळ, नवापूरचा बर्ड फ्लू आणि शेवटी करोना. फुप्फुसे पार कामातून गेली की वैद्यकशास्त्राकडे एकच मोठा उपाय उरतो, तो म्हणजे फुप्फुस प्रत्यारोपण. हे काम मुंबईसारख्या शहरांतील मोजक्या रुग्णालयांत चालते. नंदुरबारला ते होत नाही. तरीही प्रत्यारोपणाचा लाभ आपल्याकडच्या रुग्णाला मिळणार की नाही, याचा निकाल बराचसा इथेच, पाड्यावर आणि जिल्हा रुग्णालयात लागतो. तो कसा, हे या पंचवीस वर्षांच्या हकिकतीतून उलगडत जाईल.

जिल्ह्यापूर्वीची दशके

१९०६ मध्ये इंग्रज सरकारने खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग केले. आजचा नंदुरबार जिल्हा पश्चिम खानदेशात गेला आणि कारभाराचे ठाणे धुळे राहिले. तापी खोऱ्यातून सुरत–भुसावळ रेल्वे धावू लागल्यावर नंदुरबार आणि नवापूरच्या लोकांना आजारपणात दोन वाटा उरल्या. एक धुळ्याची, दुसरी सुरतेची. सातपुड्यातल्या माणसाला मात्र दोन्ही दूरच होत्या. आधी डोंगर उतरायचा, मग रस्ता गाठायचा. आजारी माणसाला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून चौघांनी खांद्यावरून आणायचे, ही रीत तेव्हा सर्रास होती. वर्तमानपत्रांनी तिला पुढे 'बांबुलन्स' असे नाव दिले. आजही काही पाड्यांवरून रुग्ण असाच खाली येतो, ही गोष्ट स्मरणिकेतही लपवण्याचे कारण नाही.

नवापूर तालुक्यात चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय १९४२ पासून सेवा देत आले आहे. सरकारी यंत्रणा अपुरी होती त्या काळात या भागातील कित्येक कुटुंबांना त्याचाच आधार होता. जिल्ह्याच्या आरोग्याचा इतिहास लिहिताना अशा संस्थांचे ऋण मानलेच पाहिजे.

क्षयरोग्याला तेव्हा मिरज, औंध यांसारख्या ठिकाणच्या आरोग्यधामात पाठवण्याची पद्धत होती. अक्राणीतला शेतमजूर मिरजेला कसा जाणार आणि गेला तर त्याच्या घरची चूल कशी पेटणार? याचे उत्तर मद्रासहून आले. १९५६ मध्ये तिथे सुरू झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले की, औषधे नियमित घेतली तर घरी राहूनही क्षयरोगी आरोग्यधामातल्या रुग्णाइतकाच बरा होतो आणि त्यामुळे घरच्यांना होणारा संसर्गही वाढत नाही. जगभरच्या क्षयरोग उपचाराची दिशा त्यामुळे बदलली. पुढे आपल्या जिल्ह्यात झालेल्या सगळ्या क्षयरोग कामाचा पाया तोच आहे.

१९९५ मध्ये राज्यात आदिवासी भागासाठी नवसंजीवनी योजना आली. पावसाळ्याच्या तोंडावर पाड्यापाड्यांवर जाणारी भरारी पथके ही तिचीच देणगी. डोक्यावर औषधांची पेटी आणि पायाखाली चिखल, अशा अवस्थेत त्या पथकांनी केलेल्या चालण्याची कुठल्या नोंदवहीत मोजदाद नाही.

पहिले दशक : १९९८ ते २००८

जिल्हा झाला म्हणजे जिल्हा शल्यचिकित्सक आला, जिल्हा क्षयरोग केंद्र आले, शवविच्छेदनापासून अपंगत्वाच्या दाखल्यापर्यंत धुळ्याला मारावे लागणारे हेलपाटे थांबले. कागदावर हे एका दिवसात होते, प्रत्यक्षात वर्षे लागतात. जागा अपुरी, तज्ज्ञांची पदे रिकामी, आणि नेमणूक झालेला डॉक्टर सातपुड्यातल्या धडगाव किंवा मोलगीला टिकेल याची खात्री नाही, अशी ती सुरुवात होती. त्या दिवसांत ज्यांनी काम निभावून नेले त्यांत डॉक्टरांइतक्याच परिचारिका, औषधनिर्माते, क्ष-किरण तंत्रज्ञ, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, वाहनचालक आणि कक्षसेवक होते. एकेकाचे नाव घ्यायचे तर यादी अपुरी पडेल, म्हणून हे श्रेय सर्वांचे मिळून नोंदवतो.

या दशकातले सगळ्यात मोठे काम क्षयरोगाचे. सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रम देशात १९९७ पासून टप्प्याटप्प्याने पसरत गेला आणि २००६ पर्यंत सर्व देशात पोहोचला. त्याचे तंत्र साधे, पण चिकाटीचे. तीन आठवडे किंवा त्याहून जास्त खोकला असलेल्या माणसाचा बेडका तपासायचा. काचपट्टीवर पातळ थर पसरून तो वाळवायचा, लाल रंग देऊन तापवायचा, आम्लाने धुवायचा आणि वरून निळा रंग द्यायचा. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्या पार्श्वभूमीवर बारीक लाल काड्या दिसल्या की निदान पक्के. मग आरोग्य कर्मचाऱ्याच्या डोळ्यांदेखत औषध घ्यायचे, निदान सहा महिने.

आपल्या जिल्ह्यात या सहा महिन्यांची अडचण निराळीच होती. दिवाळीच्या सुमारास कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि होळीला परततात. औषध सुरू झालेला माणूस मुकादमाच्या गाडीत बसून निघून जाई, गोळ्या मध्येच बंद पडत. खोकला थांबला म्हणून त्याला वाटे, आपण बरे झालो. बंद पडलेला उपचार म्हणजे आतून पोखरत गेलेले फुप्फुस. जंतू मेले तरी पडलेली पोकळी आणि व्रण राहतात, श्वासनलिका ढिल्या पडतात, आणि दहा-पंधरा वर्षांनी तोच माणूस चार पावले चालला तरी धापा टाकतो. आज छातीच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्या अशा रुग्णांमागे पुष्कळदा त्या अर्धवट सुटलेल्या गोळ्या असतात. कर्मचाऱ्यांनी त्यावर जमेल ते उपाय केले. जाताना गोळ्या बरोबर दिल्या, तोडीचा पत्ता विचारून ठेवला, होळीला माणूस गावी आला की पुन्हा घर गाठले.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि गावोगावी आशा आल्या. श्वासाच्या बाबतीत त्यांना एक कौशल्य शिकवले गेले, ज्याला यंत्र लागत नाही, फक्त घड्याळ लागते. बाळाचा अंगरखा वर करायचा, पोट आणि छाती यांची हालचाल पाहत पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे साठ किंवा जास्त, एक वर्षाच्या आतील बाळाचे पन्नास किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे चाळीस किंवा जास्त श्वास भरले, तर तो वेगवान श्वास. त्यातच श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर एक क्षणही न दवडता दवाखाना गाठायचा. बाळ रडत असेल तर ते शांत होईपर्यंत थांबायचे, पान्हा द्यायला लावायचे, मगच मोजायचे. कुपोषित बाळाला न्यूमोनिया झाला की ताप येईलच असे नाही. त्याची धाप हीच खूण. या एका मिनिटाने सातपुड्यात किती जीव वाचवले, हे पाड्यावरच्या आया सांगू शकतील.

नर्मदाकाठची कहाणी वेगळी. सरदार सरोवराच्या बुडिताखाली महाराष्ट्रातील ३३ गावे आली. रस्ते गेले, पाणी आले, आणि अक्कलकुवा व अक्राणीतील कित्येक वस्त्यांपर्यंत जायला होडीखेरीज साधन उरले नाही. तिथे तरंगते दवाखाने सुरू झाले. बोटीतच तपासणी, बोटीतच औषधे, आणि गंभीर रुग्णाला पाण्यावरूनच हलवणे. तरंगत्या दवाखान्यांवरचे कर्मचारी आणि होडीने वस्त्यांवर जाणाऱ्या अंगणवाडीसेविका यांचे काम या जिल्ह्याला अभिमान वाटावा असे आहे.

फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरचे नाव देशभर झाले. भारतातील पहिला बर्ड फ्लू नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत आढळला. १८ फेब्रुवारीला निदान जाहीर झाले आणि लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. त्या धंद्यावर पोट असलेली घरे एका आठवड्यात उघडी पडली. आरोग्य विभागासमोर प्रश्न होता माणसांचा. हा विषाणू माणसाच्या फुप्फुसात उतरला तर काय, याची धास्ती साऱ्या जगाला होती. घरोघर ताप-खोकल्याचे सर्वेक्षण झाले, संशयितांना वेगळ्या कक्षात ठेवले गेले, त्यांचे नमुने तपासायला गेले. एकाही माणसाला लागण झाल्याचे निष्पन्न झाले नाही. विलगीकरण, संरक्षक पोशाख, नमुना कसा बांधायचा, कर्मचाऱ्याने कक्षातून बाहेर पडताना काय आधी उतरवायचे, हे सगळे आपल्या यंत्रणेने त्या वर्षी हाताने केले. चौदा वर्षांनी ते कामाला आले.

दुसरे दशक : २००८ ते २०१८

२०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ४८ हजारांवर होती, आणि त्यांत सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी, तडवी अशा या समाजांत सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. राज्याने सिकलसेल नियंत्रणाचे काम हाती घेतले तेव्हा नंदुरबारचा त्यात सुरुवातीपासून विचार झाला. बोटाच्या टोकाचे रक्त घेऊन विद्राव्यता चाचणी, ती होकारार्थी आली तर इलेक्ट्रोफोरेसिस, आणि मग रुग्णाला लाल, वाहकाला पिवळे कार्ड. आश्रमशाळांमधून शेकडो मुलामुलींच्या रांगा लावून या तपासण्या झाल्या.

सिकलसेल हा रक्ताचा आजार, मग तो श्वासाच्या इतिहासात का? कारण त्यातला सगळ्यात घातक प्रसंग छातीत घडतो. विळ्याच्या आकाराच्या पेशी फुप्फुसाच्या बारीक वाहिन्यांत अडकतात. पोराला ताप येतो, छातीत दुखते, ऑक्सिजनचे प्रमाण उतरत जाते. न्यूमोनिया समजून नुसती प्रतिजैविके देत बसले तर वेळ हातची जाते. अशा वेळी ऑक्सिजन लागतो आणि रक्त लागते. रक्तपेढी, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आणि लाल कार्ड पाहताच सावध होणारा डॉक्टर, या तीन गोष्टी एका ठिकाणी आल्या की रोगी वाचतो. हायड्रॉक्सियुरिया नियमित घेतल्याने असे झटके कमी होतात. वारंवार झटके येऊन गेलेल्या फुप्फुसातील रक्तदाब मात्र वाढत जातो आणि तरुणपणीच धाप लागू लागते. जिल्ह्याच्या पंचविसाव्या वाढदिवशीच, १ जुलै २०२३ रोजी, मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियान सुरू झाले. आपल्या दृष्टीने यापेक्षा समर्पक वाढदिवसाची भेट कोणती!

धुराकडे आपण सगळ्यांनीच उशिरा पाहिले. खिडकी नसलेल्या कुडाच्या घरात ओली लाकडे फुंकत स्वयंपाक करणाऱ्या बाईची फुप्फुसे विडी ओढणाऱ्याइतकीच खराब होऊ शकतात. तिने आयुष्यात कधी विडीला हात लावलेला नसतो. पन्नाशीला ती दवाखान्यात येते आणि 'माले दम लागस' एवढेच सांगते. अशा बायांना पिढ्यान्‌पिढ्या 'वय झाले' म्हणून परत पाठवले गेले. आता स्पायरोमीटरच्या नळीत जोरात फुंकायला लावले की पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, हे कळते आणि दुखण्याला नाव मिळते. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली, गॅसची शेगडी घरात आली. टाकी संपल्यावर ती पुन्हा भरून आणणे डोंगरात अवघड आणि खर्चाचे, म्हणून चूल पुरती विझलेली नाही. शेजारी, नंदुरबार शहराभोवती, मिरची वाळवण्याच्या पथाऱ्या आहेत, आणि तिथेही प्रश्न श्वासाचाच आहे. हिवाळ्यात मैलोगणती लाल गालिचा पसरतो, छायाचित्रकार लांबून येतात. त्या पथारीवर देठे खुडणाऱ्या बायांच्या नाकातोंडाला बांधलेला फडका त्या छायाचित्रांत नीट पाहिला पाहिजे. त्यांच्यासाठी चांगल्या मुखपट्ट्या आणि वर्षातून एकदा छातीची तपासणी, इतके तरी व्हावे असे प्रस्तुत लेखकाला कळकळीने वाटते.

उपचाराचा खर्च कोण करणार, या प्रश्नालाही याच दशकात काही उत्तर मिळाले. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचा पहिला टप्पा जुलै २०१२ मध्ये शेजारच्या धुळ्यासह आठ जिल्ह्यांत सुरू झाला, आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली तेव्हा नंदुरबारचाही समावेश झाला. पुढे तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका धावू लागली. धडगावहून निघालेला धाप लागलेला रुग्ण चांदसैलीच्या घाटात ऑक्सिजनवर राहू शकतो, ही तेव्हाची मोठी मजल. पावसाळ्यात दरड कोसळून तोच घाट बंद पडतो तेव्हा ही मजल तोकडी पडते, हेही तितकेच खरे.

क्षयरोगाच्या निदानातही बदल झाला. सीबीनॅट यंत्राने बेडक्यातील जंतूची जनुकीय ओळख दोन तासांत पटू लागली, आणि नेहमीच्या मुख्य औषधाला तो दाद देतो की नाही हेही त्याच वेळी कळू लागले. एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत रुग्णाच्या खात्यात उपचार चालू असेपर्यंत महिन्याला ५०० रुपये जमा होऊ लागले. क्षयरोग्याचे वजन हा त्याच्या बरे होण्याचा अर्धा भाग आहे, हे धोरणाने मान्य केले.

तिसरे दशक : २०१८ पासून

एप्रिल २०२० मध्ये जिल्ह्यात करोनाचा पहिला रुग्ण आढळला. सुरुवातीला नमुने तपासणीसाठी धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जात. डॉ. राजेंद्र भारूड तेव्हा जिल्हाधिकारी होते. साक्री तालुक्यातल्या सामोडे गावचे हे सुपुत्र, मुंबईच्या केईएम रुग्णालयाशी जोडलेल्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉक्टर. त्यामुळे पहिली लाट ओसरत असताना दुसरीची तयारी कशाने करायची, याचे उत्तर त्यांना ठाऊक होते. ते उत्तर होते ऑक्सिजन.

तोवर जिल्ह्याला सिलिंडर बाहेरून आणावे लागत. सप्टेंबर २०२० मध्ये मिनिटाला ६०० लिटर ऑक्सिजन तयार करणारा पहिला प्रकल्प उभा राहिला. खर्च सुमारे ८५ लाख रुपये. हवेत २१ टक्के ऑक्सिजन आणि ७८ टक्के नायट्रोजन असतो. यंत्र हवा खेचते, दाबते, कोरडी करते आणि झिओलाइटचे खडे भरलेल्या उंच नळकांड्यातून सोडते. दाबाखाली नायट्रोजन त्या खड्यांना चिकटतो आणि सुमारे ९३ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन पुढे जातो. मग दाब सोडला की नायट्रोजन सुटतो आणि खडे पुन्हा कामाला तयार. तोवर शेजारचे नळकांडे काम करत असते. मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे सात हजार लिटर वायू मावतो. म्हणजे मिनिटाला ६०० लिटर देणारा एक प्रकल्प दिवसाला सव्वाशेच्या घरात सिलिंडर भरेल इतके काम करतो, तेही ट्रकची वाट न पाहता.

फेब्रुवारी आणि मार्च २०२१ मध्ये आणखी दोन प्रकल्प आले. तिन्हींची मिळून क्षमता मिनिटाला २,४०० लिटर झाली. जिल्हा नियोजनाचा निधी, आपत्ती निवारण निधी आणि कंपन्यांचा सामाजिक निधी असा पैसा एकत्र केला गेला. एप्रिलमध्ये दुसरी लाट उसळली तेव्हा देशातील मोठमोठी शहरे टँकरच्या वाटेकडे डोळे लावून होती, आणि नंदुरबारच्या खाटांना नळीतून ऑक्सिजन मिळत होता. रेल्वे स्थानकावर विलगीकरणाचे डबे उभे राहिले. आजवर बातम्यांत कुपोषणापुरता येणारा हा जिल्हा देशभर उदाहरण म्हणून सांगितला गेला.

त्याहूनही मोलाचे काम, माझ्या मते, 'ऑक्सिजन नर्स' या कल्पनेचे. रुग्ण जेवायला उठतो, मुखवटा बाजूला ठेवतो, स्वच्छतागृहात जातो, आणि वायू तसाच फुसफुसत वाहत राहतो. पहाटे ऑक्सिजनचे प्रमाण ९६ टक्क्यांवर गेलेल्या रुग्णालाही रात्रीच्याच वेगाने तो मिळत राहतो. ठरावीक अंतराने प्रत्येक खाटेपाशी जायचे, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, आकडा वाचायचा, प्रवाहमापकातील गोळी किती रेघेवर आहे पाहायचे, गरजेपुरती चावी फिरवायची, बाटलीतले पाणी बुडबुडते आहे ना याची खात्री करायची आणि नोंद करून पुढच्या खाटेकडे वळायचे. एवढेसे काम, पण त्यासाठी वेगळी परिचारिका नेमली गेली. वाया जाणारा ऑक्सिजन वाचला आणि खालावणारा रुग्ण वेळेत नजरेत आला. राज्याच्या आरोग्य विभागाने ही पद्धत इतर जिल्ह्यांपुढे ठेवली. कोंदट पोशाखात, मुले घरी ठेवून, तासन्‌तास खाटांमधून फिरलेल्या या परिचारिकांना ही स्मरणिका मानाचा मुजरा करते.

याच काळात, २०२०-२१ च्या शैक्षणिक वर्षापासून, नंदुरबारला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. दर वर्षी १०० विद्यार्थी, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न. जिल्हा रुग्णालय हे आता शिकवणारे रुग्णालय झाले. तज्ज्ञ मिळत नाहीत या पंचवीस वर्षांच्या दुखण्यावर दूरचा का होईना, हा खरा इलाज आहे.

करोनानंतर फुप्फुस प्रत्यारोपण हा शब्द आपल्याकडेही कानावर येऊ लागला. विषाणू गेला तरी फुप्फुसे कडक होऊन राहिलेल्या काही रुग्णांवर ५ जून २०२० रोजी शिकागोत आणि त्यानंतर चेन्नई, हैदराबाद येथे अशा शस्त्रक्रिया झाल्या. या शास्त्राचा इतिहास मोठा नाही. ११ जून १९६३ रोजी अमेरिकेत जेम्स हार्डी यांनी पहिले फुप्फुस बसवले; रुग्ण १८ दिवस जगला. पुढची वीस वर्षे बहुतेक प्रयत्न फसले. सायक्लोस्पोरिन हे औषध हाती आल्यावर १९८३ मध्ये टोरोंटोत जोएल कूपर यांना पहिले टिकाऊ यश मिळाले. आपल्या महाराष्ट्रात केईएममध्ये डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्येच हृदय प्रत्यारोपणाचा धाडसी प्रयत्न केला होता. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याने मेंदूमृत व्यक्तीच्या अवयवदानाला कायद्याचा आधार दिला. आज पश्चिम विभागाची अवयव व ऊती प्रत्यारोपण संस्था केईएममध्येच आहे, आणि मुंबई, पुणे, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समन्वय केंद्रे अवयवांचे वाटप पाहतात.

असा कार्यक्रम रुग्णासाठी करतो काय? शस्त्रक्रिया हा त्यातला एक दिवस. त्याआधी फुप्फुसतज्ज्ञ, हृदयतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ, भौतिकोपचारतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि समाजसेवक मिळून रुग्णाला पारखतात. मोजलेल्या पट्ट्यावर सहा मिनिटे चालायला लावतात. किती मीटर चालला आणि ऑक्सिजन किती उतरला हे लिहून ठेवतात. प्रतीक्षायादीत नाव लागले की रक्तगट आणि छातीचा आकार जुळणाऱ्या दात्याची वाट पाहायची. फोन आला की लगेच हजर व्हायचे, कारण काढलेले फुप्फुस साधारण सहा तासांच्या आत बसवावे लागते. म्हणून प्रतीक्षेच्या काळात आणि नंतरचे काही महिने रुग्णालयाजवळ खोली घेऊन राहावे लागते, सोबत घरचे एक माणूस. नंतर शरीराने परके फुप्फुस नाकारू नये म्हणून जन्मभर टॅक्रोलिमससारखी औषधे घ्यायची, त्यांची रक्तातील पातळी मोजत राहायची, घरी रोज नळीत फुंकून आकडा लिहायचा. आणि इतके करूनही जगभरच्या नोंदींनुसार निम्मे रुग्ण सहा-सात वर्षांपुढे जातात, निम्मे जात नाहीत. खासगी रुग्णालयात खर्च पंचवीस लाखांच्या आसपास किंवा त्याहून वर जातो.

या निकषांपुढे आपला रुग्ण उभा केला की सगळी हकिकत एका जागी येते. वजन फार कमी असेल तर शस्त्रक्रियेचा धोका वाढतो, म्हणजे लहानपणीचे कुपोषण आडवे येते. क्षयरोग पुरता बरा झाल्याशिवाय नाव लागत नाही, कारण प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांखाली दबलेला जंतू उसळतो. म्हणजे ऊसतोडीत सुटलेल्या गोळ्या आडव्या येतात. तंबाखू सोडून काही महिने झालेले असावे लागतात. आणि रुग्ण फार उशिरा, अंथरुणाला खिळल्यावर पाठवला, तर तो यादीत असूनही प्रतीक्षेत टिकत नाही. स्पायरोमीटरवर वेळेत फुंकलेली एक चाचणी, ऑक्सिमीटर लावून कक्षाबाहेरच्या पडवीत सहा मिनिटे चालवलेला रुग्ण आणि वेळेत लिहिलेली एक चिठ्ठी, या गोष्टी मुंबईतला कितीही कुशल शल्यविशारद मागाहून भरून काढू शकत नाही. शिवाय शंभरांतल्या नव्याण्णवांना प्रत्यारोपण लागणारच नसते. त्यांना पंप नीट ओढायला शिकवणे, घरी ऑक्सिजन, लसी, पोटभर अन्न आणि श्वासाचे व्यायाम लागतात. तेही याच पडवीत शिकवता येतात.

आता पुढचे काम. अवयव प्रत्यारोपण कायद्यातील २०११ च्या दुरुस्तीने, प्रत्यारोपण न करणाऱ्या पण अवयव काढून देऊ शकणाऱ्या रुग्णालयांनाही नोंदणीची वाट मोकळी केली. मेंदूमृत्यू ठरवायला चार डॉक्टरांचे मंडळ लागते आणि सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करावी लागते. मेंदूविकारतज्ज्ञ उपलब्ध नसेल तर त्याच्या जागी भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षता तज्ज्ञही चालतो. वैद्यकीय महाविद्यालय आले, अतिदक्षता विभाग वाढला, म्हणजे ही तयारी नंदुरबारला आवाक्यात आहे. धुळे-सुरत महामार्गावर अपघात होतात, तरुण माणसे जातात, आणि त्यांच्या घरच्यांना त्या घडीला अवयवदानाबद्दल भिलीत, पावरीत, अहिराणीत समजावून सांगणारा माणूस हवा असतो. तसे समुपदेशक तयार करावेत, प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या रक्तातील औषधाची पातळी जिल्ह्यातच मोजली जावी, छातीच्या रुग्णांची एक कायम नोंदवही ठेवली जावी, आणि अक्राणी व मोलगीपर्यंत स्पायरोमीटर पोहोचावा, अशी विनंती या स्मरणिकेच्या निमित्ताने जिल्हा प्रशासन, महाविद्यालय आणि रुग्णालय यांना आहे. पैकी नोंदवहीला निधी लागत नाही. ती येत्या पावसाळ्यापूर्वीच सुरू करता येईल.